वास कसला येतोय ते लिही

रुमा जराउ, कातिबास नदी
१८ एप्रिल १९९३

रिमोंग,

पत्ता बेलायोंगच्या पत्रावरून घेतला. माझा मुलगा असून दोन ओळींपलीकडे लिहीत नाही. ‘इंदाई, मी बरा आहे. काम चालू आहे.’ एवढ्यासाठी मिरीहून टपाल सॉन्गला येतं आणि तिथून लाँचने माझ्यापर्यंत. तुला मूल झालं हेसुद्धा मला शेजारच्या इंदाई कुडीच्या भाच्याकडून कळलं. मुलगा की मुलगी, विचारलं तर म्हणतो, “बाळ होतं.” गाढव कुठला! रीतीप्रमाणे आता तुला मुलाच्या नावाने ‘इंदाई अमुक’, म्हणजे ‘अमक्याची आई’, अशी हाक मारायला हवी. पण नावच माहीत नाही, म्हणून रिमोंग लिहिलं. राग मानू नकोस.

पत्र लिहायचं कारण मात्र ते नाही. कारण तुआकचं आहे.

यंदा मी तांदळाच्या दारूचा मोठा रांजण लावलाय. मागच्या वर्षी लावलाच नव्हता, गुडघ्याचं निमित्त सांगितलं आणि गावाईच्या सुगीच्या सणाला या लांबलचक घरातल्या सगळ्या बिऱ्हाडांचं तुआक फुकट प्यायले. एकदा चालतं. दोनदा केलं तर लोक म्हणतील, म्हातारी आटोपली. तेव्हा आपल्याच शेतातला चिकट तांदूळ शिजवला, चटईवर पसरून गार केला, खमिराच्या वड्या कुटून मिसळल्या. तिसऱ्या दिवशी भातावर कापसासारखं पांढरं आलं. ते चांगलं, ते तुलाही माहीत आहे. मग साखरेचं पाणी घातलं. आज बारावा दिवस, आणि आता वर एक साय धरलीय. पांढरीच, पण पातळ आणि सुरकुतलेली. ही चांगली की वाईट?

मला कळत नाही असं समजू नकोस हं. तू रांगत होतीस तेव्हापासून मी तुआक करतेय. पण दोन मतं घेतलेली बरी असतात. शिवाय सध्या मला पडसं झालंय, त्यामुळे वासाचं नक्की सांगता येत नाही.

हा रांजण बिघडून चालणार नाही. त्या गावाईनंतर आपल्या खोलीतला हा पहिलाच. तेव्हा जे झालं ते झालं. मी ते उकरून काढत नाही, तूही काढू नकोस.

गावाईला या असं मी म्हणत नाहीये. पण खोली मोठी आहे आणि मी एकटी आहे, एवढं सांगून ठेवते.

तुझी सासू


२७ एप्रिल

रिमोंग,

तुझं उत्तर मिळालं. दुकानाच्या पावतीच्या पाठीमागे तीन ओळी! मिरीत कागद मिळत नाही का गं? ना ‘इंदाई’, ना ‘कशा आहात’. पण पाठवलंस ना, ते खूप झालं. तीन ओळी मी किती वेळा वाचल्या ते सांगत नाही.

तू विचारलंस त्याची उत्तरं घे.

साय बोटाने फोडून पाहिली. कागदासारखे तुकडे होतात, आणि तासाभरात पुन्हा धरते. काळं, हिरवं, गुलाबी काही नाही. चार-चारदा पाहिलं, उन्हात नेऊन पाहिलं.

डावाने वर उचलून ओतून पाहिलं. तार धरत नाही. थोडी धरते की काय असं एकदा वाटलं, पण माझे डोळेही आता काही पोरीबाळींचे नाहीत.

कान लावून ऐकलं. तू लिहिलंस की बाराव्या-तेराव्या दिवशी आवाज मंदावायला हवा. इथे मंदावला होता आणि परवापासून पुन्हा सुरू झाला, बारीक सूं सूं. मी रांजणाला कान लावून बसले होते आणि इंदाई कुडी दारातून म्हणते, “काय गं, नवरा आत आहे का?” तिच्या जिभेला हाड नाही, तुला माहीतच आहे.

चाखूनही पाहिलं. गोड आहे, आणि मागून आंबट. किती आंबट? आहे आपलं. तुआक थोडं आंबट असतंच की.

राहिलं वासाचं. तू त्याच्याखाली दोन रेघा मारल्यास. वास तुआकसारखाच आहे. तुआकला दुसरा कसला वास येणार?

उरलेला गाळ कोंबड्यांना टाकला. तुझी ती लंगडी कोंबडी पिऊन जिन्यावरून खाली पडली, उठली आणि कोंबड्याच्याच अंगावर धावून गेली. ओसरीवरची सगळी हसून हसून लोळली. ती अजून जिवंत आहे. तू गेल्यावर लोक म्हणाले, कापून टाक, अंडी देत नाही. नाही कापली.

बाळाचं नाव लिहायला विसरलीस.

तुझी सासू


५ मे

रिमोंग,

तुझी दुसरी पावती हातात घेऊन बसलेय. ‘इंदाई, तुआकसारखा म्हणजे कसा? पिकल्या केळ्यासारखा की सिरक्यासारखा? ओसरीला बावीस दारं आहेत. कुणालाही बोलवा आणि हुंगायला सांगा.’ आणि मग खाली, वेगळ्या शाईने, बहुतेक दुसऱ्या दिवशी लिहिलेलं: ‘तुम्हाला वास येत नाही का? तेव्हाही येत नव्हता का?’

दोन दिवस मी पत्र उशीखाली ठेवलं. रागाने कागद फाडावा असंही वाटलं. फाडला नाही.

नाही येत. झालं समाधान?

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत मला ताप आला होता आठ दिवस, आठवतं? तूच काढा करून पाजायचीस. ताप गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. मला आधी कळलंच नाही. मग एकदा नदीवरून येत होते, पुढच्या बायका थांबल्या, म्हणाल्या, “अगंबाई, ड्युरियन पडलाय, वास बघ कसा सुटलाय!” आणि सगळ्या झाडीत घुसल्या. मी आपली वाटेवर उभी. ड्युरियन गं! ज्याच्या वासाने परका माणूस नाक दाबून पळतो, ते फळ चार पावलांवर पडलं होतं आणि मला काही म्हणजे काही नाही. मी घरी आले आणि कुणाला सांगितलं नाही. तुआक करणाऱ्या बाईचं नाक गेलं म्हणजे काय राहिलं? उद्यापासून लोक म्हणणार, तिच्या रांजणातलं पिऊ नका.

आता तुला सगळं सांगते, मग तुला माझं तोंड पाहायचं असेल तर पाहा, नसेल तर नको.

त्या वर्षीचा रांजण आठवतो? आपला मोठा तडकला होता म्हणून मी मागचा काढला, ज्याच्यात आंबवलेला मासा ठेवत होते. घासला, उकळतं पाणी ओतलं. मला वाटलं, झाला स्वच्छ. तू आत डोकं घालून म्हणालीस, “इंदाई, याला माशाचा वास मारतोय. यात तुआक लावू नका.” मी काय म्हणाले? म्हणाले, “वास तुझ्या काखेतून येत असेल.” इंदाई कुडी बसली होती समोर, ती हसली, मीही हसले. तू लग्न होऊन आलीस त्याला सहा महिने झाले होते.

दहाव्या दिवशी तू पुन्हा म्हणालीस, “इंदाई, हे बिघडलंय, टाकून देऊ, अजून दुसरं लावायला वेळ आहे.” मी रांजणावर वाकले. काही नाही. जणू पाणीच. आणि मला इतका राग आला, पोरी, तुझा नाही, स्वतःचाच, पण काढला तुझ्यावर. म्हणाले, “काल आलेली पोर मला शिकवते!” तू चार दिवस तोंड फुगवून होतीस.

पुढचं तुला माहीत आहे. गावाईची संध्याकाळ, ओसरीभर माणसं, पलीकडच्या नदीवरचे पाहुणे. माझा पेला फिरला आणि एकेकाचं तोंड वाकडं व्हायला लागलं. म्हातारे मुखिया जराउ तर खांबाआड जाऊन थुंकले. मग कुणीतरी विचारलं, जे अशा वेळी आपल्यात विचारतातच, “रांजण लावताना खोलीत भांडण कोण करत होतं?”

आणि मी बोट तुझ्याकडे केलं. “नव्या सुनेचं तोंड दहा दिवस आंबट, मग तुआक गोड कसं होईल?”

लोक हसले. तू हातातलं ताट खाली ठेवलंस आणि आत गेलीस. दुसऱ्या दिवसापासून तुझं नाव सिरका पडलं. पोरं म्हणायची, म्हाताऱ्या म्हणायच्या, आणि मी ऐकत होते. एका शब्दाने थांबवू शकले असते. दोन महिन्यांनी बेलायोंगने पेटी बांधली. तू लाँचमध्ये बसलीस तरी कुणाला काही सांगितलं नाहीस. तुला खरं माहीत होतं आणि तू गप्प राहिलीस. हेच मला दोन वर्षं झोपू देत नाही.

चुकले मी. लहान असतीस तर पोटाशी धरून सांगितलं असतं. कागदावर बरं दिसत नाही, पण लिहिते. चुकले.

आता हे आपल्या दोघींतच राहू दे. रांजणाचं बघेन मी काहीतरी. तुम्ही तिघं या फक्त.

तुझी सासू


१३ मे

सुलाउच्या आई,

बघ, आता कसं नीट हाक मारता आली! सुलाउ. माझ्या नवऱ्याच्या आईचं नाव. हे बेलायोंगने ठेवलं की तू? तू ठेवलं असशील तर काय बोलावं मला कळत नाही. त्या म्हातारीने मला पुष्कळ छळलं, पण खमिराच्या वड्या करायला तिनेच शिकवलं.

या खेपेला कागद पुरा होता. तू लिहिलंस, ‘इंदाई, मी कुणाला सांगणार नाही. तुमच्यावरचा राग तुमचं पत्र वाचताना अर्धा गेला. पण मी येणार नाही. तिथे मी सिरका आहे. माझी मुलगी चालायला लागलीय. उद्या ती ओसरीवर धावेल आणि लोक म्हणतील, ती बघा सिरक्याची पोर. ते मला सोसणार नाही.’

मी पत्र घडी घालून ठेवलं, तोंड धुतलं, चांगलं लुगडं नेसले आणि ओसरीवर गेले. संध्याकाळची वेळ होती. जाळी विणत, चटया विणत सगळी बसली होती. जंगलात अस्वल समोर आलं तेव्हाही एवढी घाबरले नव्हते गं.

“जराउकाका,” म्हटलं, “मला सगळ्यांपुढे बोलायचंय.”

“कोण मेलं?” काकांनी विचारलं. त्यांना ऐकू कमी येतं, त्यामुळे ते नेहमी वाईटच धरून चालतात.

“कुणी मेलं नाही. माझं नाक मेलंय. दोन वर्षं झाली.”

आणि सांगितलं. ताप, ड्युरियन, माशाचा रांजण, तू दोनदा सांगितलेलं, मी तुला गप्प बसवलेलं, बोट दाखवलेलं. काही गाळलं नाही. काखेचंसुद्धा सांगितलं.

मग इंदाई कुडी म्हणाली, “म्हणजे मागे तुझ्या खोलीत उंदीर मरून पडला होता आठ दिवस, तो तू मुद्दाम ठेवला नव्हतास?”

हसली सगळी. मीही हसले आणि हसता हसता रडले. पण जराउकाका हसले नाहीत. म्हणाले, “नाकाचा दोष कुणाचा नाही. जिभेचा आहे. घरातल्या माणसावर खोटा आळ घेतला, त्याचा दंड ठरलेला आहे. एक कोंबडी, एक थाळी आणि एक सुरी, जिच्यावर आळ घेतला तिच्या हातात. तिचा जीव पुन्हा घट्ट व्हायला.” मग सगळ्यांकडे वळून म्हणाले, “आणि जे जे हसले होते, त्यांनी एकेक अंडं द्यावं. मीही देतो.”

आज सकाळी माझ्या दारात टोपली भरली. बावीस दारांची मोजून एकोणचाळीस अंडी. चौथ्या खोलीतला सेलाका म्हणतो, मी हसलो नव्हतो, नुसता खोकलो होतो. त्याच्या बायकोने त्याच्याकडून दोन घेतली. आणि काकांनी सांगून ठेवलंय, ते नाव आता ज्याच्या तोंडून निघेल त्याने कोंबडी द्यायची.

मग रांजणाकडे वळले. आता लाज कसली राहिली? इंदाई कुडीलाच म्हटलं, “चल, हुंग.” ती वाकली आणि असं तोंड करून वर आली की मला वासाची गरजच उरली नाही.

“अगं सिरकासुद्धा याच्यापुढे गोड!” म्हणाली आणि लगेच तोंडावर हात ठेवला. एक कोंबडी तिथेच लागली तिला. मग तिने माझा लाकडी डाव हुंगला. “हा कशात घालतेस?”

कशात घालणार? सगळ्यात. भातात, माशाच्या बरणीत, तुआकमध्ये. धुऊन घालते गं! पण लाकडात मासा मुरलेला, आणि धुतला की नाही हे मला कोण सांगणार? म्हणजे दोन्ही वेळेला मीच.

सगळ्यांच्या देखत रांजण आडवा केला आणि डुकरांच्या डोणीत ओतला. डाव चुलीत घातला. रांजण तीनदा उकळत्या पाण्याने धुतला, इंदाई कुडीने तीनदा हुंगला आणि आता तो उन्हात पालथा आहे.

तांदूळ निवडून ठेवलाय, पण लावला नाही. गावाईला अठरा दिवस आहेत. एकोणीस तारखेपर्यंत लावला तर कोवळं का होईना, पण होईल. तू आल्याशिवाय मी खमीर उघडणार नाही. नाही आलीस तर आपल्या दारात यंदा तुआक नसेल, आणि कुणी विचारलं तर मी कारण सांगेन. आता मला सांगता येतं.

तुझ्या नावाची कोंबडी जिन्याखाली बांधलीय. दंडाची आहे, मला कापता येत नाही आणि सोडताही येत नाही. माझाच तांदूळ खाते आणि माझ्याकडेच डोळे वटारून बघते.

वाट पाहतेय.

तुझी सासू


१८ मे

सुलाउच्या आई,

हे पत्र लाँचवाल्या सांगाउकडे देतेय. तू उद्या सॉन्गच्या धक्क्यावर उतरशील तेव्हा तो तुझ्या हातात देईल. धक्क्यावरून इथे पोचायला पाचच तास लागतात, मग पत्र कशाला, असं तो म्हणाला. म्हटलं, तुझ्या बायकोला कधी लिहिलंस का, मग तुला काय कळणार.

तुझी तार काल आली. ‘बुधवारी येतो. तांदूळ भिजवा.’ चारच शब्द. पोस्टातला माणूस मला विचारतो, चांगली बातमी की वाईट? मी त्याला एक अंडं दिलं.

तांदूळ भिजवलाय. नवा डाव इंदाई कुडीने घडवून घेतलाय, तो अजून कशालाही शिवलेला नाही. तू आलीस की हात धुऊन सरळ रांजणाशी जा, पाहुणचार मागाहून. खमीर किती घालायचं, पाणी कधी घालायचं, ते तू ठरव. मी चूल बघेन. कुणी काही विचारलं तर मी तुझ्याकडे बोट दाखवेन, पण या वेळी वेगळ्या कारणासाठी.

सगळी घाटावर येणार आहेत. तोंड लपवू नकोस, मान वर करून ये. लपवायचं असेल तर त्यांनी लपवावं. मी पुढे उभी असेन.

एकच गोष्ट मला तोंडाने सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. आपल्यात आज्या नातवंडाचा मुका घेत नाहीत, डोकं हुंगतात. सगळे बघत असतील, मीही सुलाउला उचलून हुंगेन. खूप वेळ हुंगेन. पण मला काही येणार नाही गं. त्या भिकार रांजणाचं एवढं वाटत नाही, पण याचं वाटतं. बेलायोंगच्या टाळूचा वास मला अजून आठवतो, हिचा कधीच कळणार नाही.

तेव्हा तू माझ्या शेजारी उभी राहा आणि हळूच कानात सांग, कसला वास येतोय. तू सांगशील तो मी खरा धरेन.

सुलाउची आजी